मळ उपसायला आपण, आतडे शिवायला ‘मेरिट’?

काही बाळे जन्मतात तेव्हा त्यांना शौचाची जागाच नसते. काहींची अन्ननलिका मध्येच तुटलेली असते, आईचे दूध पोटापर्यंत पोहोचतच नाही. काहींच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसतात, मळ पुढे सरकत नाही आणि पोट नगाऱ्यासारखे फुगते. काहींच्या यकृतातून पित्ताला बाहेर पडायला वाटच नसते. ऐकायला हे दुर्मीळ वाटते. पण गुदद्वाराचा जन्मजात दोष किंवा हर्षस्प्रंगचा आजार साधारण पाच हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळे जन्मणाऱ्या देशात याचा अर्थ एकेका आजाराची हजारो बाळे, दरवर्षी.

या बाळांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या शाखेला बालशल्यचिकित्सा म्हणतात. एमबीबीएस, त्यानंतर जनरल सर्जरीत एमएस, त्यानंतर एमसीएच. वैद्यकीय शिक्षणाच्या इमारतीचा हा सर्वांत वरचा मजला. आणि नेमक्या या मजल्याच्या दारावर पाटी आहे : ‘येथे आरक्षण नाही.’

साथींनो, आपण एमपीएससीवर बोलतो, शिष्यवृत्तीवर बोलतो, पदोन्नतीतील आरक्षणावर बोलतो. या मजल्यावर मात्र फारसे कुणी बोलत नाही. ‘तिथपर्यंत आपली पोरं जातातच किती?’ असा प्रश्न आपलेच लोक विचारतात. हा प्रश्न विचारणारा माणूस नकळत त्या पाटीची राखण करत असतो. म्हणून आज या विषयावर सविस्तर.

मळाची जातवार वाटणी

जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. त्याचा पुरावा पाहायचा असेल तर कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या मुलांच्या सर्जरी वॉर्डात जा.

गुदद्वार नसलेल्या बाळाच्या पोटावर आधी शौचाचा तात्पुरता मार्ग काढतात. त्याला कोलोस्टॉमी म्हणतात. काही महिन्यांनी मूळ जागी नवा मार्ग तयार करतात. मग पोटावरचा मार्ग बंद करतात. म्हणजे अनेकदा तीन शस्त्रक्रिया. या सगळ्या काळात वॉर्डात मळ असतो, पू असतो, घाण झालेल्या चादरी असतात. ते उचलणारे हात कोणत्या वस्तीतून येतात? मुंबईपासून नागपूरपर्यंत सफाई कामगारांच्या हजेरीपटावरची आडनावे वाचा, उत्तर मिळेल. आणि त्याच मळाचा मार्ग सुरीने घडवणाऱ्यांची नावे विभागाबाहेरच्या पाटीवर वाचा. एकच मळ आहे. तो उचलणाऱ्याला विटाळ चिकटतो, त्याच्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला प्रतिष्ठा मिळते.

म्हणजे अडचण मळाची कधीच नव्हती. मळाला हात लावण्याचा मोबदला किती, यावर ते काम कोणाचे हे ठरते. मोबदला कमी असेल तर काम ‘परंपरेने’ आपले. मोबदला आणि मान वाढला की तेच काम ‘गुणवत्तेने’ त्यांचे.

सुश्रुताचा वारसा सांगणाऱ्यांना एक प्रश्न

प्राचीन भारतातील शस्त्रक्रियेचा अभिमान सांगणारे लोक सुश्रुताचे नाव घेतात. सुश्रुतसंहितेत आतड्याला पडलेले छिद्र काळ्या मुंग्यांच्या जबड्यांनी सांधण्याचे वर्णन आहे, हे खरे. पण त्याच संस्कृतीच्या मनुस्मृतीने चौथ्या अध्यायात वैद्याचे अन्न पुवासारखे मानून त्याज्य ठरवले, हेही तितकेच खरे. ही दुसरी बाब भाषणात कधी येत नाही.

आता पुण्याची गोष्ट. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक वृत्तांत छापून आला. इंग्रजी फौजेकडे गाडीवान असलेल्या कावसजीचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. ते कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवण्यात आले. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीला या वृत्तांताने मोठी चालना दिली. ही शस्त्रक्रिया करणारा माणूस कोण होता? पुण्याजवळचा, विटा घडवणाऱ्या जातीचा एक कारागीर, असे त्या वृत्तांतात नमूद आहे. त्याचे नावसुद्धा इतिहासाने धड जपले नाही.

पेशवाईच्या पुण्यात शस्त्र चालवणारा हात कारागिराचा होता. पुढे वैद्यकीय महाविद्यालये आली, पदवी आली, पगार आला, इंग्रजी आली आणि तो हात बाहेर फेकला गेला. कौशल्य आपल्याकडे नव्हते म्हणून आपण बाहेर राहिलो, ही थाप आहे. कौशल्याला पदवीचे कुलूप लागले आणि किल्ली कुणाच्या हाती गेली, हा खरा इतिहास आहे.

असेच अमेरिकेत झाले. १९४४ मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांवरची प्रसिद्ध शस्त्रक्रिया झाली. तिचे श्रेय ब्लेलॉक आणि टॉसिग यांना मिळाले. पण प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया घडवून सिद्ध करणारा आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी ब्लेलॉक यांच्या खांद्यामागे उभा राहून मार्गदर्शन करणारा माणूस होता व्हिव्हियन थॉमस. कृष्णवर्णीय, मूळचा सुतार. मंदीत बँक बुडाली, साठवलेले पैसे गेले, वैद्यकीय शिक्षणाचे स्वप्न तिथेच संपले. कागदोपत्री त्याचा हुद्दा सफाई कामगाराचा होता. त्याच संस्थेने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी. ‘मेरिट’ तेव्हा कुठे होते? ते कुत्र्यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि पगार झाडूवाल्याचा घेत होते.

न्यायालयाची वाट : १९८४ ते २०२२

वरच्या मजल्याची पाटी एका दिवसात लागलेली नाही. ती कशी लागली, हे प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ पाहिजे.

१९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की न्यूरोसर्जरी, कार्डिऑलॉजीसारख्या अतिविशेष शाखांत कोणतेही आरक्षण नसावे. १६ नोव्हेंबर १९९२ चा इंद्रा साहनी निकाल आपण मंडलचा निकाल म्हणून लक्षात ठेवतो. त्याच निकालात काही पदांवर आरक्षण ठेवणे हितावह ठरणार नाही, असे सांगताना वैद्यक आणि अभियांत्रिकीतील सुपर स्पेशालिटीचा उल्लेख झाला. १९९९ मध्ये प्रीती श्रीवास्तव खटल्यात घटनापीठाने अतिविशेष पातळीवर आरक्षण नको, हे आणखी ठामपणे सांगितले. २०१३ मध्ये एम्सच्या प्राध्यापक संघटनेच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी इंद्रा साहनीपासून वेगळे मत घेण्यास नकार दिला. २०१५ मध्ये संदीप कांसुरकर खटल्यात तर राष्ट्रहिताचा दाखला देऊन उच्च शिक्षणातील सर्व प्रकारचे आरक्षण काढण्याची गरज बोलून दाखवली गेली.

आता यातली बारीक अक्षरे वाचा. इंद्रा साहनी निकालातील ती यादी केवळ उदाहरणादाखल आहे, आणि आरक्षण कोणत्या पदांना लागू नसेल हे केंद्र सरकारने विचार करून ठरवावे, असे तिथेच लिहिले आहे. म्हणजे चेंडू सरकारच्या अंगणात आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील प्रवेश आरक्षणाचा २००६ चा कायदा घ्या. त्याच्या चौथ्या कलमात उच्च विशेषीकरणाच्या अभ्यासक्रमांना सूट आहे, पण कोणत्या अभ्यासक्रमांना ती द्यायची हे केंद्र सरकारने निर्दिष्ट करायचे आहे. पुन्हा सरकारच. तेव्हा ‘न्यायालयाने हात बांधले’ असे सांगणारा खासदार-आमदार समोर आला तर त्याला विचारा : बांधलेले हात तुम्ही सोडवायचा प्रयत्न कधी केला? पदोन्नतीतील आरक्षणासाठी १९९५ मध्ये ७७ वी घटनादुरुस्ती होऊ शकली, मग इथे का नाही?

दुसरी गोष्ट. तामिळनाडूने ७ नोव्हेंबर २०२० च्या आदेशाने सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी सुपर स्पेशालिटीच्या ५० टक्के जागा राखल्या. त्याला आव्हान दिले गेले. मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूला त्या वर्षी ते प्रवेश करू दिले. म्हणजे सरकारी नोकरीच्या आधारे निम्म्या जागा राखल्या तर अतिविशेष ‘गुणवत्ता’ कोसळत नाही. ती कोसळते फक्त जातीच्या अन्यायाची भरपाई म्हणून जागा मागितल्यावर! तामिळनाडूच्या निर्णयाचे आपण स्वागतच करतो. प्रश्न एवढाच की गुणवत्तेचा हा काच नेमका आपल्याच स्पर्शाने का तडकतो?

तिसरी गोष्ट. २० जानेवारी २०२२ रोजी नील ऑरेलिओ नुनेस खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भात पाहिले पाहिजे. हा निकाल पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाबद्दल होता. पदव्युत्तर पातळीवर हे शहाणपण मान्य आहे, आणि तीन वर्षांनी तोच डॉक्टर एमसीएचच्या दारात आला की अमान्य? या तीन वर्षांत त्याची जात कुठे गेली?

मेरिट कुठे पळाले?

‘बाळाच्या जिवाशी खेळ नको, तिथे सर्वोत्तमच हवा.’ हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे. आता वस्तुस्थिती बघा.

सुपर स्पेशालिटीच्या शेकडो जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. २०२२ मध्ये दोन फेऱ्यांनंतरही नऊशेच्या आसपास जागा उरल्या, तेव्हा पात्रतेची पर्सेंटाइल १५ ने खाली आणून त्या भरायचा प्रयत्न झाला. जानेवारी २०२५ मध्येही एक हजारावर जागा वाया जात असल्याचा विषय सर्वोच्च न्यायालयासमोर होता. पदव्युत्तर पातळीवर सप्टेंबर २०२३ मध्ये तर नीट-पीजीची पात्रता सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आली. खासगी महाविद्यालयांच्या जागा रिकाम्या राहू लागल्या की गुणवत्तेची रेषा हवी तितकी खाली येते, तेव्हा राष्ट्रहित धोक्यात येत नाही.

आणि रिकाम्या राहणाऱ्या शाखांत बालशल्यचिकित्सा पुढच्या रांगेत असते. का? कारण सरळ आहे. इथे पैसा कमी. रुग्ण एक दिवसाचा, आईबाप मजूर, आजार तीन-तीन शस्त्रक्रियांचा, हॉस्पिटलात राहणे महिनोन्‌महिने. कॉर्पोरेट हॉस्पिटलला या बाळात रस नाही. ज्यांच्यासाठी दार राखून ठेवले, त्या ‘सर्वोत्तम’ मंडळींनी बाळाकडे पाठ फिरवून पैसा असलेल्या शाखा गाठल्या. कुणी कुठली शाखा घ्यावी हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. पण मग बाळाच्या जिवाची ढाल पुढे करून आपल्याला दारात अडवू नका.

इथे आपलाच एखादा मित्र विचारेल : ‘जागा रिकाम्या आहेत ना, मग आरक्षण कशाला? जाऊन बसा.’ प्रश्न रास्त आहे, त्याचे उत्तरही दिले पाहिजे. रिकाम्या राहतात त्या जागा बहुतेक कुणाला नको असलेल्या, महागड्या किंवा सोयी नसलेल्या ठिकाणच्या. जिथे भरपूर शस्त्रक्रिया होतात आणि हात तयार होतो, अशा नावाजलेल्या सरकारी संस्थांच्या जागांसाठी चुरस असतेच. आरक्षण हवे आहे ते तिथे. शिवाय आरक्षण म्हणजे केवळ खुर्ची नव्हे. रोस्टर आले की हिशेब येतो, हिशेब आला की कोण किती आहे हे लिहावे लागते. आज या मजल्यावर आपण किती, याचा हिशेब देण्याची कुणावर सक्तीच नाही.

राखीव जागांमुळे काम बिघडते, हा समज तपासूनही झाला आहे. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेच्या आकडेवारीचा अभ्यास करून २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. आरक्षणामुळे उत्पादकता घटल्याचा कोणताही पुरावा त्यांना मिळाला नाही. वरच्या श्रेणीत काही बाबतीत चांगलाच परिणाम दिसला. रेल्वे म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे, हे मान्य. पण तिथेही रोज लाखोंचा जीव रुळांवर असतो. आणि एक विसरू नका : एमसीएचला प्रवेश राखीव असला तरी उत्तीर्ण होण्याची परीक्षा सर्वांना एकच असते. राखीव जागा दार उघडते, टाका स्वतःलाच घालावा लागतो.

कोणती बाळे मरतात?

२०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा अभ्यास आला. ७४ देशांतील २६४ रुग्णालये, पचनमार्गाचे जन्मजात दोष असलेली ३,८४९ बाळे. निष्कर्ष असा : श्रीमंत देशांत अशा १०० बाळांपैकी ५ ते ६ दगावतात. मध्यम उत्पन्नाच्या देशांत २०. गरीब देशांत जवळपास ४०. आजार तोच, आतडे तेच. फरक पडतो तो बाळ कुठे जन्मले यावर.

हेच चित्र देशाच्या आत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात अनुसूचित जाती-जमातींचा बालमृत्युदर इतरांपेक्षा जास्त असल्याचे दरवेळी दिसते. बालशल्यचिकित्सेच्या मोठ्या सोयी मुंबईत परळ-सायनला, पुण्या-नागपुरात. नंदुरबारच्या धडगावात किंवा गडचिरोलीच्या भामरागडात जन्मलेले बाळ तिथे पोहोचेपर्यंत पोट फुगलेले, अंग थंड पडलेले. पित्तमार्ग बंद असलेल्या बाळावर जपानच्या कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त. आपल्याकडे अनेक बाळांची पांढरट शी आणि पिवळे डोळे ‘साधी कावीळ’ म्हणून दोन-तीन महिने दोरे-गंड्यात जातात. तैवानने २००४ पासून प्रत्येक आईच्या हाती शीच्या रंगांचे कार्ड दिले आणि निदान लवकर होऊ लागले. एक रंगीत कार्ड! त्याला कुठले अब्जावधी लागतात?

आता सरकारी यादी बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याच्या मूळ यादीत नऊ जन्मजात दोष होते : मज्जारज्जूचा दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाऊल, खुब्याचा सांधा, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष आणि मुदतपूर्व बाळांच्या डोळ्यांचा आजार. गुदद्वार नसणे या यादीत नाही. तुटलेली अन्ननलिका नाही. हर्षस्प्रंग नाही. पित्तमार्ग नाही. काही ठिकाणी स्थानिक पातळीवर या बाळांनाही मदत मिळते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बालशल्यचिकित्सेच्या शस्त्रक्रियाही आहेत. पण जन्मतःच डोळ्यांनी दिसणारा, केवळ लंगोट उघडून ओळखता येणारा दोष मूळ यादीत नसावा?

यादी करणाऱ्यांच्या टेबलाभोवती कोण बसते, याचा यादीत काय येते याच्याशी संबंध असतो. प्रतिनिधित्वाचा अर्थ हाच. ते कुणाच्या पोटापाण्याची सोय म्हणून मागायचे नसते. आपले प्रश्न कागदावर यावेत म्हणून मागायचे असते.

बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते. बापाच्या पदव्यांनी लेकरू वाचले नाही. आपल्या चळवळीच्या घरातच ही जखम आहे. बालआरोग्य हा आपल्यासाठी ‘डॉक्टरांचा विषय’ कधीच नव्हता.

संशोधनाची कोरी पाने

या शाखेचा इतिहास सांगतो की मोठे शोध नेहमीच श्रीमंतांच्या राजधान्यांत लागले नाहीत. गुदद्वार दोषावरची आज जगभर होणारी शस्त्रक्रिया अल्बर्टो पेन्या यांनी मेक्सिको सिटीत विकसित केली, १९८२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. हर्षस्प्रंगसाठी पोट न उघडता गुदद्वारातूनच करण्याची पद्धत १९९८ मध्ये मेक्सिकोच्याच दे ला तोरे यांनी मांडली. कासाई जपानच्या सेन्दाईचे. ज्यांच्या वॉर्डात रुग्णांची रांग असते आणि जे त्या रांगेकडे नीट पाहतात, त्यांना शोध लागतात.

आपल्या वॉर्डांत रांग आहे. पाहणारे वेगळे हवेत. भारतीय शोधनिबंधांत बाळाचे वजन लिहितात, रक्तातली साखर लिहितात, जात सहसा लिहीत नाहीत. मग हे प्रश्न कोण विचारणार? कोलोस्टॉमी झाल्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेला परत न आलेली मुले कुठे गेली? परत न येण्याचे कारण निष्काळजीपणा की बुडणारी रोजंदारी? ऊसतोडीला गेलेल्या आईने पोटावरची पिशवी फडात कशी सांभाळली? मुलगी असेल तर तिसरी शस्त्रक्रिया होते का? शी आवरत नाही म्हणून शाळा सुटलेल्या मुलाचे पुढे काय होते? त्यात तो आधीच ‘अस्पृश्य’ म्हणून शेवटच्या बाकावर असेल, तर हा दुसरा विटाळ तो कसा सोसतो? या प्रश्नांना कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. एक वही, पाठपुराव्याचा फोन आणि त्या वस्तीची भाषा लागते. ती भाषा आपल्याकडे आहे.

वाट आणि वाटेवरचे काटे

विद्यार्थ्यांसाठी थोडक्यात. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, एमएस तीन, मग नीट-एसएस देऊन एमसीएच तीन. एम्स, पीजीआय, जिपमर यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा. एमएसच्या जागी सर्जरीतले डीएनबी, एमसीएचच्या जागी डीआरएनबी हाही रस्ता आहे. एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा बालशल्यचिकित्सेचा अभ्यासक्रमही राष्ट्रीय परीक्षा मंडळाकडे आहे. ही गोष्ट आपल्या अनेक मुलांना ठाऊकच नसते. प्रत्येक वर्षीचा जागांचा तक्ता स्वतः उघडून वाचा, क्लासवाल्याच्या शब्दावर विसंबू नका. संशोधनाकडे जायचे असेल तर एमएसचा प्रबंधच या विषयावर घ्या. भारतीय बालशल्यचिकित्सक संघटना १९६५ पासून आहे, तिचे स्वतःचे नियतकालिक आहे. तिथे निवासी डॉक्टरांनाही लिहिता येते. पुढे सार्वजनिक आरोग्यातील पदवीसाठी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू शिष्यवृत्ती यांचे नियम आधीपासून पाहून ठेवा.

आता काटे. वयाची तिशी ओलांडेपर्यंत शिक्षण, घरी कर्ज, धाकट्या बहिणीचे लग्न, बंधपत्र मोडले तर न परवडणारा दंड. वरच्या जातीच्या डॉक्टरच्या मुलाला बाप हॉस्पिटल बांधून वाट पाहतो. आपल्या पोराची घरचे लोक पहिल्या पगारासाठी वाट पाहतात.

आणि सगळ्यांत मोठा काटा छळाचा. २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने एम्समधील जातीय भेदभाव नोंदवला; अनुसूचित जाती-जमातींची मुले वसतिगृहात ठरावीक मजल्यांवर एकत्र ढकलली जात होती. मे २०१९ मध्ये तडवी भिल्ल समाजाची डॉ. पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेताना गेली. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबाने केला, खटला उभा राहिला. पायल स्त्रीरोगशास्त्रात होती. पण शस्त्रक्रियेच्या कोणत्याही विभागात रचना तीच असते : थिएटरमध्ये कोणाला टेबलावर घ्यायचे, कोणाला नुसते फाइली लिहायला बसवायचे, हे वरिष्ठ ठरवतो. ज्याच्या हातात सुरी दिली जात नाही, तो सर्जन होत नाही. नंतर त्यालाच म्हणायचे, ‘हात चालत नाही.’ २०२२ मध्ये संसदेच्या अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीने एम्सवरच्या अहवालात ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ ही सबब मान्य करायला नकार दिला आणि सुपर स्पेशालिटीतही आरक्षणाची शिफारस केली. ती शिफारस अंमलात आणण्याचा आग्रह धरायचे काम आपले होते. किती संघटनांनी धरला?

मागण्या आणि कामे

एक : सुपर स्पेशालिटी प्रवेश आणि अध्यापक पदांत आरक्षणासाठी केंद्राने कायदा करावा, लागल्यास घटनादुरुस्ती करावी. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून यावर लेखी उत्तर घ्या.

दोन : महाराष्ट्राने तामिळनाडूप्रमाणे सेवेतील डॉक्टरांसाठी सुपर स्पेशालिटी जागा राखाव्यात. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण रुग्णालयांत आपली मुले मोठ्या संख्येने आहेत, त्यांना वर जाण्याची शिडी मिळेल.

तीन : माहिती अधिकार वापरा. प्रत्येक शासकीय महाविद्यालयातील बालशल्यचिकित्सा विभागात मंजूर पदे किती, भरलेली किती, प्रवर्गनिहाय किती, रिक्त किती वर्षे? दहा रुपयांच्या अर्जात हा मजला उघडा पडतो.

चार : प्रत्येक निवासी डॉक्टरची शस्त्रक्रियांची नोंदवही विभागाबाहेरच्या समितीने तपासावी. कोणाला किती शस्त्रक्रिया करू दिल्या, हे आकड्यांत दिसले की छळाला लपायला जागा राहत नाही.

पाच : बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत पचनमार्गाचे जन्मजात दोष स्पष्टपणे घालावेत. आशाताईंच्या हाती शीच्या रंगाचे कार्ड द्यावे. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची शौचाची जागा पाहून तशी नोंद व्हावी.

सहा : हे आपल्यासाठी. जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा दरवर्षी एमएस झालेल्या एका मुला-मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी बाजूला काढा. नोकरीला लागलेल्या आपल्या डॉक्टरांनी एका कनिष्ठाचा हात धरावा. आरक्षणाच्या जिन्याने वर जाऊन जिना विसरलेल्यांची संख्या आपल्यातही कमी नाही, त्यांना नावानिशी नव्हे पण हक्काने जाब विचारा.

प्रत्येक गावच्या बुद्धविहारात अभ्यासिका आहे आणि तिथे स्पर्धा परीक्षेची पुस्तके आहेत, हे चांगलेच आहे. कलेक्टर हवेत, फौजदार हवेत. पण एक दिवसाच्या बाळाचे बोटाएवढे आतडे हातात धरून ते जोडणारा माणूसही आपल्यातून हवा. ज्यांच्या पिढ्यांनी या समाजाचा मळ वाहिला, त्यांना मळाचा मार्ग घडवण्याचा अधिकार नाकारणारी पाटी कितीही मोठ्या न्यायालयाने लावलेली असो, ती उतरवावीच लागेल.

जय भीम!